पीव्हीए आणि मातीची नॅनोकंपोझिट फिल्म : माझी पद्धत

नॅनोकंपोझिट म्हणजे पॉलिमरमध्ये मातीचे अतिसूक्ष्म थर पसरवलेला पदार्थ. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पीव्हीए, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) आणि मॉन्टमोरिलोनाइट ही पातळ थरांची माती यांचं जमणार की बिघडणार, हे माझ्या मते दोन्ही एकत्र येण्याआधीच ठरतं. म्हणून माझा बराचसा वेळ मातीवरच जातो.

सोडियमवाली माती १ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १०० मिलि. ढवळता ढवळता माती थोडी थोडी भुरभुरवायची आणि रात्रभर फुगू द्यायची. बोअरचं पाणी अजिबात चालत नाही. त्यातलं कॅल्शियम थरांमधल्या सोडियमची जागा घेतं, थर सुटे होत नाहीत आणि माती तळाशी बसते. सकाळी वरचं गढूळ पाणी अलगद ओतून घेतो, खालची रेती टाकून देतो. आता पाण्यात किती माती उरली, याचा अंदाज बांधत बसू नये. ५ मिलि काढून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवावं. मला ५ ग्रॅम पीव्हीएच्या ३ टक्के, म्हणजे १५० मिलिग्रॅम माती हवी असते; ५ मिलिमध्ये ४५ मिलिग्रॅम भरलं, तर त्यासाठी १६.७ मिलि घ्यायचं. मूळ मातीतल्या ओलाव्याचा प्रश्नही यातच मिटतो. तेवढा भाग बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी थर सुटे करणारं यंत्र) थांबत-थांबत १० मिनिटं.

पीव्हीए ५ ग्रॅम, थंड पाणी ७८ मिलि. पावडर गरम पाण्यात टाकली की गुठळ्यांवर चिकट साय धरते, आतलं कोरडंच राहतं. आधी थंड पाण्यात भिजवून मग ९० अंशांपर्यंत न्यायचं, बीकर झाकून, द्रावण नितळ होईपर्यंत. ६० अंशांवर आलं की माती थेंबाथेंबाने सोडायची आणि दोन तास ढवळायचं. मग बुडबुडे निघून जाईपर्यंत हात लावू नये.

९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये २० ग्रॅम ओतलं की साधारण ०.१२ मिमी जाडीची फिल्म मिळते. ओव्हनचा रॅक स्पिरिट लेव्हलने तपासलेला हवा, तापमान ४० अंश. घाईने तापमान वाढवलं तर वर कातडी धरते आणि खालची वाफ फोड आणते.

थर कितपत सुटे झाले, ते एक्स-रे डिफ्रॅक्शनने (एक्स-रे कोणत्या कोनात वळतात यावरून थरांमधलं अंतर मोजणं) पाहतो. तांब्याच्या ट्यूबवर नुसत्या मातीचं शिखर ७ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे थरांमधलं अंतर १.२६ नॅनोमीटर. शिखर ३.५ अंशांवर सरकलं, तर पॉलिमर थरांत शिरला. शिखर गायब झालं, म्हणजे थर पूर्ण सुटे झाले, असं समजून लगेच पेढे वाटू नयेत. माती ३ टक्केच आहे, शिखर नुसतं दबलेलंही असू शकतं. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थर प्रत्यक्ष पाहणं) करावंच.

ताणाच्या चाचणीआधी पट्ट्या मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, बंद डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात) ठेवतो. २५ अंशांना आर्द्रता ५३ टक्क्यांवर राहते. पीव्हीए हवेतलं पाणी ओढून मऊ पडतो, त्यामुळे हे न करता एप्रिलची फिल्म जुलैच्या फिल्मशी ताडून पाहिली, तर फरक मातीचा नसून पावसाचा असतो.