शेराच्या शेपटीखालचं दुखणं : माझा अनुभव

कुत्रं दुखतंय म्हणून ओरडत नाही. आमचा शेरा, सहा वर्षांचा जर्मन शेफर्ड, एकदाही कण्हला नाही. तो फक्त शेपटी खाली दाबून चालायला लागला. बसता बसता पटकन उठायचा, मागे वळून चाटत राहायचा. शी करायला बसला की कुंथायचा, उठायचा, चार पावलं पुढे जाऊन परत बसायचा. कधी शीवर रक्ताची बारीक रेघ दिसायची. आणि अंगाला एक कुजका वास, जो आंघोळ घातली तरी दुसऱ्या दिवशी परत यायचा. ज्या सासूबाईंच्या पायाशी तो दिवसभर पडून असतो, त्यांनी शेपटीजवळ ब्रश नेला तर त्यांच्यावर गुरगुरला. त्या दिवशी मात्र घरात सगळेच गंभीर झाले.

पहिल्या दवाखान्यात अॅनल ग्लँड्स भरल्यात असं निदान झालं. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, दोन छोट्या पिशव्या असतात. त्या तुंबल्या की कुत्री बूड घासतात, चाटतात, त्यामुळे हा अंदाज अगदीच गैर नव्हता. ग्रंथी दाबून रिकाम्या केल्या, अँटिबायोटिक दिलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा दाबल्या, पुन्हा गोळ्या. दर वेळी शेरा टेबलावर थरथरत उभा असायचा आणि शेपटी नीट उचलून कुणी बघूच शकत नव्हतं.

शेवटी साताऱ्यातल्या एका ओळखीच्यांनी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी शेराला लांबूनच चालताना पाहिलं आणि म्हणाले, "ताई, शुद्धीत असताना मी याची शेपटी उचलणार नाही. त्याला दुखेल, तो चावेल, आणि मला काहीच दिसणार नाही." गुंगी दिली, भोवतालचे केस मशीनने काढले, आणि मग जे दिसलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. गुदद्वाराभोवती बारीक बारीक छिद्रं होती, काही टाचणीच्या टोकाएवढी, काही मोठी. त्यांतून पू झिरपत होता. डॉक्टरांनी एका छिद्रात बोथट सळई अलगद घातली तर ती आत बरीच सरकली. हे सगळं दाट केसांखाली आणि दाबून धरलेल्या शेपटीखाली लपलेलं होतं. एवढ्या वेदनेत तो रोज गेटपर्यंत पोचवायला येत होता, हे आठवलं की अजून गलबलून येतं.

याला पेरिअॅनल फिस्टुला म्हणतात, म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या कातडीतून आतवर गेलेले पुवाचे मार्ग. गुंगीतच त्यांनी बोट घालून ग्रंथींमध्ये गाठ नाही ना ते तपासलं, आणि रक्तात कॅल्शियमही बघितलं, कारण त्या ग्रंथींचा कॅन्सर असेल तर ते वाढू शकतं. दोन्ही ठीक निघालं.

हा आजार सर्वांत जास्त जर्मन शेफर्डमध्येच दिसतो. पूर्वी समजूत होती की खाली लोंबणारी जाड शेपटी आणि तिथली कोंदट ओल हेच कारण. म्हणून कापाकापी करायचे, ती जागा गोठवायचे, शेपटीसुद्धा काढून टाकायचे. त्यातून काही कुत्र्यांचा शीवरचा ताबा जायचा आणि छिद्रं परत यायची ती यायचीच. आता कळलंय की शरीराची प्रतिकारशक्तीच तिथल्या पेशींवर उलटते. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने वरचा संसर्ग आटोक्यात येतो, मूळ आजार तसाच राहतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वापरायला लागले आणि बरंच चित्र पालटलं.

हे औषध माणसांना किडनी बदलल्यावर देतात. मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी वाचून हळू आवाजात विचारलं, "ऑपरेशन कुणाचं झालं?" कुत्र्याचं नाव ऐकून त्यांनी चिठ्ठी परत एकदा वाचली. औषध महाग आहे, आणि शेरासारख्या मोठ्या कुत्र्याला तर फारच महाग पडतं. म्हणून डॉक्टरांनी सोबत केटोकोनॅझोल हे एरवी बुरशीवर देतात ते औषध दिलं. त्यामुळे यकृतात सायक्लोस्पोरिन हळू मोडतं आणि कमी डोसमध्ये भागतं. पण त्याचा यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा, कुणाची चिठ्ठी बघून आपल्या कुत्र्याला देऊ नका.

कॅप्सूल रिकाम्या पोटी द्यायची. सुरुवातीला उलट्या झाल्या. फ्रीजरमध्ये ठेवून गार कॅप्सूल दिल्यावर त्या कमी झाल्या, हीही डॉक्टरांचीच युक्ती. कोमट पाण्याने जागा धुऊन, टिपून कोरडी करायची आणि टॅक्रोलिमसचं, म्हणजे तिथली प्रतिकारशक्ती दाबणारं, मलम लावायचं, तेही हातमोजे घालूनच. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन. शी मऊ राहावी म्हणून लॅक्ट्युलोज. हाडं पूर्ण बंद, कारण हाडांनी शी खड्यासारखी कडक होते आणि तीच त्या छिद्रांवरून घासत जाते. आहारातल्या एखाद्या प्रथिनाचं वावडं असेल तर आजार चिघळतो, म्हणून आयुष्यभराचं चिकन थांबवून त्याने कधीच न खाल्लेले मासे आणि भात सुरू केला. घरात कुणी मासे खात नाही, तरी सासूबाईंनी वेगळं पातेलं काढून ते रोज शिजवले.

दुखणं कमी करायची गोळी पहिल्या दिवसापासून होती, आणि ती मागून घ्यायला संकोच करू नका. मात्र घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला कधीही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. पावसाळ्यात अशा ओल्या जखमेवर माशा बसून अळ्या पडतात. कुणी फिनेल, कुणी पेट्रोल ओतायला सांगतं. ते त्या कच्च्या मांसावर ओतणं म्हणजे छळ आहे. अळ्या दिसल्या तर सरळ दवाखाना गाठा.

पहिला बदल छिद्रांत दिसला नाही, शेपटीत दिसला. ती हलली. छिद्रं भरायला त्यानंतर काही महिने गेले. दर रविवारी टॉर्च लावून मी एकाच कोनातून फोटो काढायचे, कारण रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. सगळं बंद झालेलं दिसल्यावर औषध थांबवायचा मोह होतो, खर्च तर बोलतच असतो. पण आत मार्ग उरलेला असू शकतो, म्हणून वरून भरल्यावरही डॉक्टरांनी औषध चालूच ठेवलं आणि मग डोस टप्प्याटप्प्याने उतरवला.

आजार परत उलटू शकतो, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय. सध्या आठवड्यातून दोनदा मलम आणि दर रविवारी टॉर्च चालू आहे. पावसाळ्याआधी पुन्हा रक्ततपासणी आहे. परत छिद्रं दिसली तर गुदद्वाराजवळच्या त्या दोन ग्रंथी शस्त्रक्रियेने काढायच्या का, ते तेव्हा ठरेल.