नस कापली तर रक्त कसं जाणार?

संमतीपत्रावर सही करता करता मावशींचे यजमान थांबले. "ताई, नस कापणार म्हणता, मग त्या मांसाला रक्त कसं जाणार?"

चूक त्यांची नव्हती. आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "काका, वायर कापणार, पाइप नाही."

कॅन्सरमुळे मावशींचा स्तन काढला होता. नवा घडवायला पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी स्नायू वरच्या कातडीसकट काखेतून फिरवून छातीवर आणायचा, ही इटलीच्या तान्सिनींनी १९०६ मध्ये वर्णन केलेली जुनी युक्ती. पण याआधीची एक पेशंट ओपीडीत रडली होती: कणीक मळायला घेतली की नवा स्तन उडतो. म्हणून या वेळी स्नायूचा मज्जातंतू कापायचं सरांनी ठरवलं.

तो स्नायूच्या धमनीला अगदी बिलगून असतो. चिमट्यात धरला तशी अख्खी पाठ मासळीसारखी उसळली. कापला, आणि सगळं निपचित. त्यातले सिंपथेटिक, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून धरणारे, तंतू तुटले की रक्तवाहिन्या सैलावतात, हे मला पाठ होतं. फ्लॅप, म्हणजे तो स्नायू-कातडीचा तुकडा, लाल होण्याची मी वाट बघत होते. झालं उलटंच. वरची कातडी पांढुरकी पडली, कडेचं झिरपणं थांबलं. काकांचा प्रश्न आठवला आणि पोटात गोळा आला.

"सर, तुटलेल्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन..."

"ते सुटायला तास लागतात. पहिल्या दिवसात ते वाहिन्या आवळतं, सैलावणं त्यानंतर. आत्ताचं हे तुझ्या चिमट्याचं काम. तंतू सोडवताना धमनी ओढलीस."

धमनीवर पॅपाव्हरिन या वाहिन्या सैलावणाऱ्या औषधाचे थेंब, त्यावर कोमट सलाइनचा गॉज, आणि हात न लावता उभं राहणं. सर्जनला यातलं शेवटचं सगळ्यात जड जातं. बऱ्याच वेळाने कडेला एक लालभडक ठिपका उगवला, मग दुसरा.

त्या रात्री दर तासाला मी बोटाने कातडी दाबून बघत होते. पांढरी होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी. वॉर्डातला पंखा मावशींवरून वळवला, वर ब्लँकेट घातलं. थंडीनेही वाहिन्या आवळतात.

सहा महिन्यांनी मावशी आल्या. रक्त जात असलं तरी मज्जातंतूविना स्नायू वाळतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम थोडा जास्त घेतला होता. तरी वाळायचा तेवढा वाळलाच.

"उडत नाही हो अजिबात," मावशी म्हणाल्या. "पण ब्लाउजला या बाजूने दोनदा टीप मारावी लागली."