पोपडा

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

टेप काढली आणि टेपबरोबर रंगही आला. आवाजसुद्धा झाला नाही. पिवळ्या टेपच्या पोटाला नखाएवढा पांढरा पोपडा, आणि विमानाच्या मॉडेलच्या डाव्या पंखाखाली करडं प्लॅस्टिक, खोक्यातून काढलं त्या दिवशी होतं तसंच चकचकीत.

दहा मिनिटं नुसती बसून राहिले. हे आतून म्हणाले, "झालं का विमान?" मी म्हटलं, हो. का म्हटलं कोण जाणे.

आधी टेपवर राग निघाला. मग पावसावर. आठवडाभर खिडक्या बंद, दोरीवरचे टॉवेल वाळत नाहीत तिथे पाण्यातला रंग काय वाळणार. बोटाला लागत नाही म्हणजे वाळला असं नसतं, हे मला माहीत आहे. नाकाशी धरून हुंगायचं, जरासा जरी वास आला तरी टेप लावायची नाही. काल संध्याकाळी हुंगलं होतं. वास नव्हता. म्हणजे तोही आळ गेला.

मग भिंग काढलं. पोपडा उलटा करून पाहिला तर पांढऱ्याखाली करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, दोन्ही एकमेकांना घट्ट धरून. पांढरा रंग प्रायमरवरून सुटला असता तर दोष पांढऱ्याचा. इथे प्रायमरच प्लॅस्टिकवरून उठलाय. आणि उठलाय नेमका तिथे, जिथे फवारताना माझा डावा अंगठा असतो. उजवा पंख शाबूत आहे.

धुतलं नव्हतं. एवढंच आहे सगळं.

साच्यातून भाग सुटून यावा म्हणून लावतात त्याचा तेलकट अंश प्लॅस्टिकवर राहू शकतो, त्यावर आपल्या बोटांचं तेल. लॅकर प्रायमर असता तर त्याने प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित विरघळवून त्यात दात रोवले असते. पण त्याचा वास घरात, बंद खिडक्यांत, नको. म्हणून पाण्यातला. तो दुधावरच्या सायीसारखा वरच पसरतो. खाली तूप असेल तर धरणार कशाला?

आणि मी कशाला वेळ दिला? या पट्ट्यांना. खऱ्याच्या १/७२ मापाचं स्पिटफायर, ब्रिटिशांचं लढाऊ विमान, जून १९४४ मधलं, दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्या वेळचं. पाच पट्टे, तीन पांढरे, दोन काळे. खऱ्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच, म्हणजे माझ्याकडे ६.३५ मिलिमीटर. रंगवताना झाकायची टेप मिळते ६ ची. त्या ०.३५ साठी मंगळवारची अख्खी रात्र १० ची टेप काचेवर चिकटवून, स्टीलची पट्टी धरून, नव्या ब्लेडने कापत बसले. पंख साबणाने धुवायला पाच मिनिटं लागली असती.

माहीत नसतं तर एवढं लागलं नसतं. स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट, हातात घेऊन बेसिनपर्यंत गेले होते, बेसिनमध्ये भांडी होती, परत आले. बस, इतकंच. भांडी होती म्हणून.

घाई होती. दादाला म्हटलं होतं, रविवारपर्यंत होतं. त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. किट त्याचंच, त्याच्या माळ्यावरून आलेलं. त्याच्या हातांना आता बारीक काम... असो. पण त्याने विचारलं नव्हतं, तरी मीच वार सांगून मोकळी झाले, हे काही डोक्यातून जात नाही. कुणी मागितलेली नसताना मी तारीख का देते? ऑफिसातही तेच. आईच्या वेळीही तेच केलं होतं.

खरं तर त्या पट्ट्यांची गोष्टच घाईची आहे. लँडिंगच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत हुकूम आला आणि जमिनीवरच्या माणसांनी हातात ब्रश घेऊन हजारो विमानं रंगवली. जुन्या फोटोंत कितीतरी विमानांवर कडा वाकड्या, ब्रशचे फराटे तसेच. त्यांनी पंख घासून, पुसून घेतले असतील? आणि मी इथे ०.३५ घेऊन बसलेय. हसू आलं. एकटीच हसले, त्यामुळे हे बघायला आले आणि विमान झालेलं नाही हे उघड झालं. काही बोलले नाहीत. चहा ठेवला.

आता करायचं काय ते ठरलंय. खड्ड्याच्या कडेला २००० चा वॉटर पेपर, अगदी बारीक पॉलिश पेपर, ओला करून हळूहळू घासायचं, बोट फिरवलं की पायरी लागता कामा नये. उघडं प्लॅस्टिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पण थेंबभरच, नाहीतर आजूबाजूचा पांढराही जाईल. मग प्रायमरचे दोन-तीन विरळ हात, वर पांढरा, तोही जवळून. लांबून फवारला की वाटेतच सुकतो आणि पीठ भुरभुरल्यासारखा नुसता बसतो. नंतर दोन दिवस हात लावायचा नाही. टेप आधी काचेवर चार वेळा चिकटवून तिचा जोर उतरवायचा. (हातावर चिकटवा म्हणतात, पण मग हाताचं तेल टेपला. माझ्या अंगठ्याने आज पुरेसं केलंय.) काढताना वर ओढायची नाही, मागे दुमडून, पंखाला जवळजवळ टेकवत, गोगलगायीच्या चालीने. आज तीसुद्धा मी जखमेवरची पट्टी काढावी तशी खेचली होती.

दादाला पोपड्याचा फोटो पाठवला. इतक्या रात्री जागा होता. उत्तर आलं: "धुतलं नव्हतंस ना?"

भांडी घासून बेसिन रिकामं केलं. कपाटातल्या पुढच्या किटचे स्प्रू मोठ्या पातेल्यात, कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून ठेवलेत. सकाळी हे विचारणार, भिजत काय घातलंय.