शोकेसच्या खणात न मावणारा टीव्ही

आमच्या घरात टीव्ही केवढा घ्यायचा हे कायम शोकेस ठरवत आली. १९९६ साली सांगलीच्या विश्रामबागेतला हा फ्लॅट घेतला तेव्हा आप्पांनी सुताराला महिनाभर घरी बसवून हॉलची एक भिंत भरून शोकेस करून घेतली. खाली बंद कप्पे, वर काचेची दारं, मधोमध टीव्हीचा खण. खणाची रुंदी साडेतीन फूट. त्यात आधी २१ इंची डबा होता, मग ३२ इंची आला, मग ४३ इंची. ४३ इंची टीव्ही रुंदीला साधारण ९५-९६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे खणात जेमतेम हात घालून वायर काढता येते. त्याच्यापुढे टीव्ही असतात हे ठाऊक होतं, पण ते दुसऱ्यांच्या घरी.

आप्पा आता ७९ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात ३४ वर्षं वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्यांचे आकडे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. गेल्या वर्षी मला सारखं विचारायला लागले, "किती झाले रे?" स्कोअर समोर दिसत असताना. आधी वाटलं, मोतीबिंदू परत आला की काय. मिरजेला दाखवलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज, कोरड्या प्रकारची. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसत राहतं, नेमकं जिथे बघावं तिथलंच पुसट होतं. डॉक्टरांनी अजून एक सांगितलं, ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही पण पुढे कामी आलं: काळ्यावरचं पांढरं दिसेल, करड्यावरचं पांढरं दिसणार नाही.

घरी आल्यावर बायकोने सरळ उपाय सांगितला. खुर्ची पुढे घ्या. आणि उपाय बरोबर होता, फुकटही होता. अंतर निम्मं केलं की अक्षर डोळ्याला दुप्पट दिसतं. आम्ही खुर्ची सरकवत सरकवत नेली आणि टीव्हीपासून साडेचार फुटांवर आप्पांनी स्कोअर, षटकं, सगळं घडाघडा वाचलं. मग उठले आणि म्हणाले, "इथं बसायचं? सगळ्यांच्या मधे?" आणि काठी टेकत मागे सोफ्यावर आपल्या जागी जाऊन बसले.

त्यांचं चुकत नव्हतं. लहानपणी मी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर चिकटून बसायचो तेव्हा "मागं सरक, डोळे जातील" म्हणून मला मागे ओढणारे तेच. जवळून टीव्ही बघून डोळे जात नाहीत, थकतात फार तर. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडतात असं आढळलं होतं, त्या भीतीचा धसका बहुधा जगभर फिरत फिरत आमच्या सांगलीपर्यंत पोचला असावा. पण हे आप्पांना सांगण्यात अर्थ नव्हता. प्रश्न डोळ्यांचा नव्हताच. चारचौघांत पुढे स्टुलावर बसवलेलं पोर व्हायचं नव्हतं त्यांना.

तेव्हा शाळेतलं त्रैराशिक मांडलं. ४३ इंचीवर साडेचार फुटांवरून वाचता येतं. सोफ्यावरून डोळा ते भिंत अंतर नऊ फूट. मग टीव्ही हवा ८६ इंची. बाजारात ८५ मिळतो. उत्तर बघून मी स्वतःच हसलो. ११ बाय १७ चा हॉल आमचा.

पुण्याचा भाऊ म्हणाला, प्रोजेक्टर घे. आमच्या हॉलला पूर्वेची मोठी खिडकी आहे, सकाळी दहापर्यंत ऊन सोफ्यावर असतं. त्या उजेडात प्रोजेक्टरचं चित्र धुतलेल्या सदऱ्यासारखं दिसतं. विषय संपला.

अंतराचे जे हिशेब सांगतात तेही ताडून बघितले. निवांत बघणाऱ्याने टीव्हीच्या तिरक्या मापाच्या १.६ पट लांब बसावं, थिएटरसारखं हवं असेल तर १.२ पट. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. पहिल्या हिशेबाने ६७, दुसऱ्याने ९०. ८५ इंची टीव्ही कागदावर तरी वेडेपणा नव्हता. तरी भिंतीवर कसा दिसेल ते बघायला रद्दीतले पेपर चिकटपट्टीने जोडून १८८ बाय १०६ सेंटिमीटरचा आयत केला आणि शोकेसच्या काचांवरच लावला. दोन दिवस ठेवला. बायको म्हणाली, सुतक असल्यासारखं वाटतंय. लेक म्हणाली, भारी. आप्पांनी विचारलं, "आणि शोकेस?"

तिथेच सगळं अडलं. "शोकेसला हात लावायचा नाही." आई जाऊन सहा वर्षं झाली, वरच्या काचेत तिच्या कपबशा अजून तशाच मांडलेल्या. मी पुढे काही बोललो नाही. पण दुकानात नुसतं बघायला चला म्हटल्यावर मात्र आप्पा तयार झाले.

दुकानातल्या टीव्हींवर विश्वास ठेवू नये. एक तर दुकान एवढं मोठं असतं की ७५ इंची तिथे घरच्या ४३ एवढा वाटतो. दुसरं म्हणजे त्यावर मासे, फुलं आणि रंगीत पोपट चालू असतात, आणि चमक पूर्ण चढवलेली. आपण घरी पोपट बघत नाही. मी सेल्समनला सांगितलं, यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनल लाव, आणि चित्राची सेटिंग घरातल्यासारखी साधी कर. तो माझ्याकडे असं बघायला लागला की मी साड्यांच्या दुकानात टॉवेल मागितला. खालच्या फरश्या दोन फुटी होत्या. साडेचार फरश्या मोजून आप्पांना खुर्ची दिली.

सेल्समन म्हणाला, "काका, नऊ फुटाला ६५ बास होतो." ज्याचे डोळे धड आहेत त्याला होतोही. ६५ वर आप्पांना मोठे मथळे दिसले, पट्टीतली अक्षरं नाहीत. मग क्रिकेटचे जुने हायलाइट्स लावले. ७५ वर धावा वाचल्या, षटकं चुकली. ८५ समोर त्यांनी डोकं जरा तिरकं केलं (मधलं पुसट असल्यामुळे ते हल्ली कडेने बघतात) आणि म्हणाले, "सत्तेचाळीस पूर्णांक दोन." सेल्समनने वळून खात्री केली. बरोबर होतं.

८५ मध्येही दोन संच होते, जवळपास एकाच किमतीचे. एकाचं पॅनल आयपीएस, कुठूनही बघा रंग तेच, पण काळा रंग करड्याकडे झुकलेला. दुसऱ्याचं व्हीए, काळा गडद, मात्र कडेला बसलं की रंग फिके. मिरजेच्या डॉक्टरांचं करड्यावरचं पांढरं तेव्हा आठवलं. आप्पा बरोबर समोर बसतात, कडेच्या खुर्चीवर मी. व्हीए घेतला. पलीकडे ८३ इंची ओलेड होता, त्यात प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः विझवतो, काळा म्हणजे खराच काळा. त्याची किंमत ऐकून आप्पाच म्हणाले, चला.

जिन्यातून उतरताना ते हळूच म्हणाले, "खालचे कप्पे राहू देत. वरचं काढा."

दुकानदाराने घटस्थापनेपर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि सल्ला चोख होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आम्हाला तो १ लाख ३८ हजारांना पडला, म्हणजे साडेअकरा हजार तरी वाचले. दसऱ्याला पैसे भरले.

शोकेस उतरवायला सुतार आला तो जुन्या सुताराचा मुलगा. वरचा भाग दोन तासांत निघाला. मागे २९ वर्षांपूर्वीचा डिस्टेंपर, फिकट निळा, कोळ्यांची जाळी, एक गोटी, आणि भिंतीवर पेन्सिलीने मांडलेला हिशेब: प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, मजुरी. आप्पांना पेन्सिल दिसेना, म्हणून मी एकेक ओळ वाचून दाखवली. बेरजेपाशी आले तेव्हा म्हणाले, "त्याला एकशेवीस जास्त गेले होते. तुझ्या आईने द्यायला लावले." सुताराचा मुलगा गप्पच. कपबशा बायकोने एकेक पेपरात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात मांडल्या, आहे त्याच क्रमाने. आप्पांनी दोनदा जाऊन बघितलं.

खालचे कप्पे ठेवले हे एका परीने फार बरं झालं. टीव्हीचं वजन चाळीस किलोच्या पुढे, आणि आमची ती भिंत साडेचार इंची विटांची. टांगायची धाकधूक होती. कप्प्यांचा माथा नऊ फूट लांब आणि बावीस इंच उंच, त्यावर टीव्ही आपल्या पायांवर उभा राहिला. भिंतीला एकही भोक नाही, आणि मानही वर करावी लागत नाही. लोक टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीवर का टांगतात मला कधी कळलेलं नाही.

खोकं आणणं हा वेगळाच सोहळा. लांबी दोन मीटरच्या वर, आमच्या सहा माणसांच्या लिफ्टचं दार दोन मीटर, आणि खोक्यावर छापलेलं की आडवं पाडू नका. दोन मजले चौघांनी जिन्याने चढवलं, वळणावर कठड्याच्या वरून. शेजारचे काका दारात उभे राहून म्हणाले, "थिएटर काढताय काय?" तिकीट नाही म्हटलं, या.

घोळ नंतर झाला. साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ह्या टीव्हीत ३८४० बाय २१६० ठिपके. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करून पसरायचे. पहिल्या रात्री बायकोच्या मालिकेतली सासू मेणाची दिसत होती. लगेच एचडीचं पॅकेज घेतलं, ते दरमहा जादा. बातम्यांची चॅनलं तर मला ह्या आकारात बघवतच नाहीत: तीन पट्ट्या तीन वेगांनी पळतात, वर कोपऱ्यात घड्याळ, मधे चार चौकटींत भांडणं. बायकोला गरगरलं. आप्पांना मात्र तेच हवं, कारण पट्ट्या वाचता येतात. सुरुवातीला हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती, सिनेमा नाटकाच्या शूटिंगसारखा दिसायचा, ती लेकीने बंद केली.

कोणी विचारलं तर मी ८५ घ्या म्हणणार नाही. धडधाकट डोळ्यांच्या घराला नऊ फुटांवर ६५ पुरतो, ७५ झाला तर चैन.

मग २ नोव्हेंबर. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत, दक्षिण आफ्रिकेशी. सांगलीत त्या दिवशी वेगळं वातावरण, कारण स्मृती मानधना इथे माधवनगरला वाढलेली. पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला. आमच्याकडे शेजारचे काका-काकू धरून नऊ माणसं. आप्पा सोफ्यावर मधोमध, आणि प्रत्येक षटकानंतर मोठ्याने स्कोअर सांगायचे, आम्हाला सगळ्यांना दिसत असतानाही. कोणी अडवलं नाही. स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा तो आकडाही त्यांनीच वाचला, हळू आवाजात. भारताच्या २९८. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला, ५२ धावांनी जिंकलो, आणि रस्त्यावर फटाके सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आलो तर सोफा रिकामा. आप्पांनी खुर्ची ओढून टीव्हीसमोर घेतली होती, बरोबर साडेचार फुटांवर. घरात दुसरं कोणी उठलेलं नव्हतं.

"आता काय बघताय एवढ्या जवळून?"

"जाहिरातीच्या खालचं," म्हणाले. "अटी लागू म्हणतात, त्या अटी काय आहेत ते बघतोय."