मुरमावरनं टर्फवर: चाळीसगावच्या पोरींसाठी टर्फ मिळवण्याचा माझा अनुभव

आमच्या शाळेच्या हॉकीच्या पोरी विभागीयला जिंकल्या, शाळेत पेढे वाटले, आणि मला टेन्शन आलं ते राज्यस्तरीयचं, कारण तिथले सामने टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, आणि आमच्या पोरी चाळीसगावात मुरमाच्या मैदानावर खेळून तयार झालेल्या. काही जण म्हणतात हॉकी ती हॉकी, काय फरक पडतो, तर भाऊ खूप फरक पडतो. मुरमावर बॉल उड्या मारत येतो म्हणून पोरी जरा मागं थांबून ट्रॅप करायला, म्हणजे स्टिकनं बॉल अडवायला, शिकतात, टर्फवर तोच बॉल सरळ जमिनीलगत येतो आणि इतका फास्ट येतो की स्टिक खाली जाईपर्यंत निघून गेलेला असतो. १९७६ ला माँट्रियल ऑलिम्पिकला पहिल्यांदा टर्फ आलं आणि आपली टीम सातवी आली, १९२८ पासून तोवर आपण हॉकीत मेडलशिवाय कधी परत आलो नव्हतो. मग आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना डायरेक्ट मॅचलाच टर्फ दाखवायचं का? मला ते पटत नव्हतं.

चौकशी केली ती पुण्याकडेच, नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, बालेवाडीचं क्रीडा संकुल, शिवाय ओळखीतनं कळलेली एक-दोन ठिकाणं. कागद सगळीकडं साधारण तेच मागतात, शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र, खेळाडूंची यादी, आधारच्या झेरॉक्स, पालकांचं संमतीपत्र आणि टर्फचं नुकसान झालं तर भरून देऊ असं हमीपत्र. एका ऑफिसात आमचा अर्ज नुसता पडून होता, फोन केला की साहेब मीटिंगला. शेवटी एका दुसऱ्या ठिकाणच्या ग्राउंडवाल्या काकांनीच रस्ता दाखवला. ते म्हणाले सर, सकाळ-संध्याकाळ मागूच नका, ते स्लॉट क्लबवाल्यांचे असतात, तुम्ही दुपारचं आणि अर्धंच ग्राउंड मागा. तसा अर्ज दिला आणि लगेच होकार आला, भाडंही कमी बसलं, लाइटचे पैसे वेगळे असतात तेही वाचले. दुपारचं ऊन म्हणाल तर जळगाव जिल्ह्यातल्या पोरींना पुण्याच्या उन्हाचं काय!

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेलो, उतरायची सोय एका ओळखीच्या शाळेत झाली. गेटवर पहिलं शूज बघितले, लोखंडी स्पाइक चालत नाहीत, खाली बारीक रबरी दाणे असलेलेच लागतात, च्युइंगम आणि खाणं आत न्यायचं नाही. निळं टर्फ बघून आमची गोलकीपर म्हणते, "सर, हाई तं गालिचाच शे!" हा निळा रंग २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासूनचा, पिवळा बॉल त्यावर नीट दिसतो.

मग पाणी मारलं. कडेच्या मोठ्या गनमधनं सगळं टर्फ भिजवलं, ते बघून पोरी गप्पच झाल्या, आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. पाणी नसेल तर बॉल अडखळतो आणि पडलं की गुडघे भाजल्यासारखे सोलतात, म्हणून मारावंच लागतं. पहिला तासभर ट्रॅपिंग सोडून काहीच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पेनल्टी कॉर्नर घेतले, म्हणजे एकीनं गोललाइनवरनं बॉल पुश करायचा, दुसरीनं तो सर्कलच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) बाहेर थांबवायचा आणि मग गोलवर मारायचा, आणि तिथं खरा फरक दिसला, मुरमावर पुश केलेला बॉल सर्कलच्या बाहेर थांबवायलाच मारामार असते, इथं तो बरोबर स्टिकवर यायला लागला आणि ड्रॅग मारणाऱ्या, म्हणजे बॉल स्टिकनं ओढून गोलवर फेकणाऱ्या पोरीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. शेवटच्या दिवशी तिथल्या एका क्लबच्या मुलींनी आमच्याशी प्रॅक्टिस मॅच खेळली, हरलो, पण शेवटच्या क्वार्टरला आमच्या पोरी बॉल अडवून पास देत होत्या. अजून एक सांगायचं म्हणजे मुलींसाठी चेंजिंग रूम आणि स्वच्छ टॉयलेट होतं, पाणी होतं. आमच्याकडं मुली पंधराव्या वर्षी खेळ सोडतात त्यात या गोष्टीचा हात मोठा आहे असं मी ठाम सांगतो.

राज्याला आम्ही पहिली मॅच जिंकलो, दुसरी गेली.

आता खानदेशात काय करता येईल? पूर्ण ग्राउंड ९१.४ बाय ५५ मीटरचं, त्यात पाण्याचं टर्फ, हे आपल्या तालुक्याला झेपणारं नाही. पण वाळू टाकलेलं टर्फ येतं, त्याला असं भिजवावं लागत नाही, आणि फाइव्ह-अ-साइडचं (एका बाजूला पाचच खेळाडू) ग्राउंड निम्म्याहून लहान असतं. जानेवारी २०२४ ला ओमानला त्याचा वर्ल्डकप झाला तेव्हा आपल्या मुली फायनलला होत्या. तेवढी जागा शाळेमागच्या पटांगणात बसते, मी टेप लावून मोजली. अर्ज लिहायला घेतलाय, सोबत चेंजिंग रूम आणि टॉयलेटही मागतोय. पाचोरा, भडगाव, अमळनेर, धुळ्याकडचे कोणी हॉकीवाले असाल तर तुमच्या शाळेचंही पत्र जोडा, एका शाळेच्या अर्जापेक्षा चार शाळांचा अर्ज लवकर वाचला जातो.