टाकीतले दोन सेंटिमीटर

कोकणातल्या एका गावासाठी आखलेल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची त्या दिवशी खडकवासल्याला लाटांच्या टाकीत चाचणी होती. प्रमाण एकास पंचवीस. म्हणजे दोन टनी दगडाच्या जागी टाकीत जेमतेम १२८ ग्रॅमचा, मुठीत मावणारा दगड. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी एकेक दगड तोलून निवडला होता. कुठला कुठून निसटला ते लगेच कळावं म्हणून उतारावर पिवळ्या, लाल, पांढऱ्या दगडांचे पट्टे रचले होते.

पायथ्याशी १२ सेंटिमीटर पाणी घेतलं. उधाणाची भरती आणि वादळाने फुगलेलं पाणी धरून प्रत्यक्षातले ३ मीटर. यंत्राने ३६ मिनिटं लाटा मारल्या, म्हणजे खऱ्या समुद्रातलं तीन तासांचं वादळ. बंधारा पक्का राहिला.

मग पाणी दोन सेंटिमीटरने वाढवलं. समुद्र अर्धा मीटर वर. ही काही टोकाची कल्पना नाही. उत्सर्जन अगदी कमी राहिलं तरी २१०० पर्यंत जगाची सरासरी वाढ ०.२८ ते ०.५५ मीटर असेल, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा, सहावा अहवाल सांगतो.

थोड्याच वेळात पाण्याच्या रेषेजवळचा एक लाल दगड किडक्या दातासारखा डुगडुगू लागला. तो निसटला तसा वरच्यांचा आधार गेला, ते घरंगळले आणि खालचा बारीक खडीचा थर उघडा पडला. माथ्यावरून पाणी पलीकडे जाऊ लागलं. तिथे प्रत्यक्षात वस्तीचा रस्ता आहे.

उथळ किनाऱ्यावर खोलीच्या साधारण पाऊणपट उंचीची लाट फुटते. पाणी वाढलं की तीहून मोठी लाट न फुटता बंधाऱ्यापर्यंत पोचते. बंधाऱ्याला किती जड दगड लागेल हे सांगणाऱ्या हडसनच्या सूत्रात दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाबरोबर वाढतं. म्हणून ३ मीटरचे साडेतीन झाले की दोन टनांच्या जागी तीन टनांहून जड दगड लागतो. हे गणित मी नेहमीच मांडते, तरी डोळ्यांदेखत बंधारा ढासळताना पोटात गोळा आला.

“मॅडम, एवढा दगड आणायचा कुठून?” संबंधित अभियंत्यांनी फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. जवळच्या खाणीत तसा दगड पुरेसा निघत नाही. उतार एकास दोनऐवजी एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला दोनऐवजी तीन मीटर आडवा, केला तर सव्वादोन टनांत भागतं, पण पायथा बंधाऱ्याच्या उंचीइतका पुळणीत पुढे सरकतो आणि होड्या ओढून ठेवतात ती जागाच जाते. माझा कल सौम्य उताराकडे आहे. मात्र होड्यांचं काय, हे गावाला विचारल्याशिवाय अहवालात शिफारस लिहायची नाही, असं मी ठरवलं. मामा नव्या उताराची आखणी करत होते, तोवर पायथ्याची रेघ दाखवणारा नकाशा मी ग्रामपंचायतीला पाठवला.