रंग बघून भाव : आमच्या गुऱ्हाळाची वाटचाल

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा चव फारशी कोणी बघत नाही. व्यापारी रव्यावरचं, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपेवरचं बारदान बाजूला करतो, रंग बघतो, अंगठा दाबून कडकपणा बघतो आणि बोली सुरू होते. पिवळाधमक गूळ वर जातो, तांबूस मधे कुठेतरी अडकतो आणि काळपट निघाला की शेतकऱ्याने मिळेल ते घ्यायचं. माल गुजरातला जातो, तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो, हे व्यापाऱ्याचं ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही. पण गुळातली बहुतेक रसायनं या एका नजरेपायी आली, हेही तितकंच खरं.

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ते मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हाती होतं. माझं शिक्षण बीकॉम, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. मजुरी, डिझेल, चुना, बारदान यांच्या जोडीला दर आठवड्याला नुसती 'पावडर' अशी एक नोंद असायची. ती हायड्रॉस पावडर, सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगाईत वापरतात तीच. उकळत्या काहिलीत टाकली की रस उजळतो आणि सौद्यात गूळ झळकतो. चार-सहा महिन्यांनी तोच गूळ पुन्हा काळपट पडायला लागतो, पण तोवर तो कोणाच्या तरी डब्यात गेलेला असतो. या पावडरीतल्या गंधकाचा अंश गुळात किती चालेल याची मर्यादा नियमात आहे. चुलवाणाजवळ येऊन ते मोजणार कोण?

पावडर बंद करायची असं मी आणि यांनी ठरवलं, तेव्हा मामा काही बोलले नाहीत. बोलले ते आमचे गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारे कारागीर, तात्या. "वहिनी, काळ्या गुळाला सौद्यात कुत्रं इचारत न्हाई. माझं नाव कशाला घालवताय?" त्यांचंही बरोबर होतं. गुळव्याची पत त्याने उतरवलेल्या गुळाच्या रंगावर. पावडरीशिवाय चांगला गूळ काढायचा तर सगळी भिस्त उसावर, मळी काढण्यावर आणि तात्यांच्या डोळ्यांवर.

आता आम्ही करतो ते असं. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजत घालायची, तिचा चीक रस तापू लागला की काहिलीत सोडायचा. तो घाण वर घेऊन येतो. ती मळी झाऱ्याने पुन्हा पुन्हा काढायची. इथे घाई केली की गूळ काळा पडलाच म्हणून समजा. आंबटपणा मारायला चुन्याची निवळी, तीही बेताने, कारण चुना जास्त झाला तरी रंग काळवंडतो. फेस उतू जायला लागला की चमचाभर शेंगतेल. शेवटी 116 ते 118 अंशांच्या दरम्यान काहील उतरवायची. आम्ही तापमापी आणली आहे. तात्या तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पाक गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करतात, घमेल्यावर टाकून आवाज ऐकतात आणि मग हात वर करतात. तापमापीचं आणि त्यांचं सहसा जुळतं. जुळलं नाही तर आम्ही तात्यांचं ऐकतो.

ऊस कुठला हे सगळ्यात महत्त्वाचं. गुळाला को 92005 चांगला, तो आमच्याच कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचा वाण. क्षारपड रानातला ऊस आम्ही घेत नाही, गूळ खारट उतरतो. पुरात बुडालेलाही नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेने नदीकाठचं रान दिवसेंदिवस धरून ठेवलं होतं. तसल्या उसाचा गूळ बसतच नाही, गार करायच्या वाफ्यात ओतला तरी मऊच राहतो. त्या हंगामात आमच्या चुली बऱ्याच थंड होत्या.

पावडर न घातलेला गूळ सौद्यात नेला आणि तात्यांचं म्हणणं खरं ठरलं. हिशेब सोपा आहे. 2025-26 साठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये; आमच्याकडचा उतारा त्याहून जास्त, म्हणजे दरही वर. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते. टनाला साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. म्हणजे 3,550 च धरले तरी किलोमागे तीस ते पस्तीस रुपये नुसते उसाचे. त्यावर मजुरी, इंजिन, पॅकिंग. चिपाड वाळवून जाळतो म्हणून जळणाचं भागतं, नाहीतर गणितच बसलं नसतं. सौद्यात रंगापायी किलोला पाच-सात रुपये कमी आले की घरातले पैसे घालून गूळ करायचा. गावोगावची गुऱ्हाळं का बंद पडली याला वेगळं कारण शोधायला नको. कारखान्याला ऊस घातला की पैसे खात्यावर, रात्रीचा जागर नाही.

म्हणून आम्ही थेट विकायला लागलो. आधी पाव्हण्यारावळ्यांत, मग पुण्यातल्या सोसायट्यांत, प्रदर्शनांत. तिथे दोन प्रश्न ठरलेले. एक, "गूळ एवढा काळा का?" त्याचं उत्तर द्यायला आम्हाला आवडतं. दुसरा, "शुगरवाल्यांना चालतो ना?"

नाही चालत. गूळ ही साखरच आहे. 10 ग्रॅम गुळात साडेआठ-नऊ ग्रॅम साखर असते, सेंद्रिय असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5. दोन हजार उष्मांक घेणाऱ्याला 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. त्यात गूळही आला. लोह, खनिजं असतात, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळून मिळणार किती? गिऱ्हाईक तुटलं तरी हे सांगतो. एका विक्रेत्याने आमच्या पाकिटावर 'मधुमेहींसाठी उत्तम' असा स्टिकर परस्पर लावला होता. त्याला माल देणं बंद केलं. खाद्यपदार्थावर असा दावा करायला कायद्यानेही परवानगी नाही.

'सेंद्रिय' छापायलाही नुसती इच्छा पुरत नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायची पद्धत) यांपैकी एक प्रमाणपत्र आणि सेंद्रियचं ठरलेलं चिन्ह लागतं. एनपीओपीत बाहेरची संस्था तपासते. निर्यातीला तेच लागतं आणि खर्चही तसाच. आम्ही पीजीएसचा रस्ता धरला. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांची रानं एकमेकांनी तपासायची. ऐकायला सोपं वाटतं. पण भावकीतल्या माणसाच्या रानात जाऊन "दादा, ही तणनाशकाची बाटली कुणाची?" असं विचारून बघा म्हणजे कळेल. एकजण गटातून गेला, तेव्हा दोन वर्षं लग्नकार्यात बोलणं नव्हतं. रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन', तो पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक'. मधली दोन-तीन वर्षं खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या गुळाचा. शेतकरी गळतो तो इथेच. त्या काळात आम्ही गटातल्या उसाला कारखान्यापेक्षा वर दर दिला, अजून देतो. नाहीतर कोणी टिकलं नसतं.

शेजारच्या बांधावरून येणाऱ्या फवारणीचं काय करायचं, याला मात्र उत्तर नाही. 2020 साली केंद्राने 27 कीडनाशकं-तणनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात उसाच्या रानात सर्रास फवारतात ती 2,4-डी आणि ॲट्राझिन ही तणनाशकंही होती. दोन्ही आजही दुकानात मिळतात. आम्ही बांधालगतच्या सऱ्या सोडून देतो, त्यांचा ऊस कारखान्याला घालतो.

कराचं त्रांगडं वेगळंच. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के जीएसटी आला. सुट्या गुळावर काही नाही. म्हणजे ज्या डब्यावर नाव, पत्ता, बॅच, तारीख आहे, ज्याच्या तक्रारीला मालक सापडतो, त्यावर कर. आणि ज्याचा धनी कोण ते कळत नाही त्या तीस किलोच्या रव्याला माफी. गरिबाला सुटा गूळ स्वस्त पडावा हे मान्यच. पण साखर वितळवून 'कोल्हापुरी' म्हणून खपवलेला गूळही त्याच माफीत बसतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागदावर भक्कम आहे, पण किराणा दुकानातल्या सुट्या ढेपेवर कोणाचीच खूण नसते, मग मानांकन चिकटवायचं कशाला? माझ्या मते सुट्या रव्यावर गुऱ्हाळाचा शिक्का सक्तीचा करावा. कर नको, नुसता शिक्का.

काकवीवर तर आधी 18 टक्के होते. फेब्रुवारी 2023 च्या जीएसटी परिषदेत पातळ गुळाचा दर खाली आला. सुटी करमुक्त, पाकीटबंद 5 टक्के. त्यानंतर आम्ही ती बाटलीत भरायला लागलो.

सध्या आमच्याकडे अर्ध्या आणि एक किलोच्या ढेपा, गूळ पावडर आणि काकवी मिळते. पावसाळ्यात ढेप पाघळते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजमधून काढघाल करू नका. चहात गूळ घालायचा तर भांडं खाली उतरवल्यावर. मोठ्या दुकानांकडून अधूनमधून विचारणा येते, "रंग जरा उजळ मिळेल का?" त्यांना आम्ही नमुना म्हणून आहे तोच गूळ पाठवतो.

सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात, आमच्या काहिलीही त्याच सुमाराला चढतात. काकवी हवी असेल तर त्याआधी कळवा. ती 105-106 अंशांवरच उतरवावी लागते, म्हणजे चांगला चाललेला आदण, काहिलीत उकळणारा रस, गूळ होण्याआधीच थांबवायचा. तसं करायचं म्हटलं की तात्यांचं तोंड फुगतं, म्हणून मागणी असेल तेवढीच करतो.